क्रूस की हातोडे

९ जून, सोमवार. सकाळ.

आजपासून रोजनिशी. या घरात डोकं शाबूत असलेला मी एकटाच. त्या डोक्यातलं कुठेतरी उतरवून ठेवायला हवं.

निर्णय पहिला: यंदा समुद्र. ऑगस्टमध्ये, चार दिवस.

निर्णय दुसरा: गाडीशिवाय.

पहिला निर्णय लोरेदानाचा, मंजुरी माझी. लग्नाला चाळीस वर्षं झाली. चाळीसही उन्हाळे आम्ही डोंगरात, माझ्या आईच्या घरी काढले. उत्तम हवा. लोरेदाना म्हणते, हवा उत्तमच होती, पण तीसुद्धा तुझ्या आईची होती. गेल्या वर्षी ते घर विकलं. आता म्हणते, एर्मान्नो, मला एकदा समुद्रावर ने. कुठल्याही. बासष्ट वर्षांची झाले मी.

दुसरा निर्णय संपूर्ण माझा. पृथ्वी तापते आहे. पार्किंग मिळत नाही. आणि रेल्वेने जाणं हे सुसंस्कृत माणसाचं लक्षण आहे. लायसन्सचा याच्याशी काहीएक संबंध नाही.

लायसन्सबद्दल एकदाच लिहून टाकतो. सत्तावीस मेला, वाढदिवशीच, मुदत संपली. त्याआधी तपासणीला गेलो होतो. खोलीत उजेड कमी. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता जुनाट, खालच्या तीन ओळी पार पुसट. डॉक्टरीणबाई कालची पोरगी. म्हणते, प्रोफेसोरे, चष्मा करून घ्या आणि परत या. पस्तीस वर्षं मी वेर्चेल्लीच्या शाळेत भूमितीय रेखाकला शिकवली. शेवटच्या बाकावरच्या पोराची रेघ अर्धा अंश कलली तरी मला फळ्यापाशी कळायचं. मला चष्मा!

लोरेदानाला सांगितलेलं नाही. उगाच काळजी करेल. ती स्वतः गाडी चालवत नाही. एकदा मीच शिकवायला गेलो होतो. तो विषय नको.

१० जून, मंगळवार.

डास. भातखाचरांत पाणी सोडलं की हे शहर राहण्यालायक उरत नाही. शी.

फ्रिजवर नवी यादी लावलेली दिसली. पेन्सिलने, मुंगीच्या पावलांसारखं अक्षर. वर माझं नाव तेवढं ठसठशीत, म्हणजे हुकूम मलाच. चार-पाच ओळी.

बाजारात जाऊन पाव, व्हिनेगर आणि कपड्यांचा साबण आणला. लोरेदानाची यादी मला न वाचता पाठ आहे. चाळीस वर्षं तेच ते.

तिने पिशवीत पाहिलं. मग यादीकडे. मग माझ्याकडे. म्हणाली, वाचलंस? म्हटलं, वाचलं. म्हणाली, मग? म्हटलं, मग काय, झालं काम. तिने साबण कपाटात ठेवला. तिथे आधीचे तीन होते. बायकांना साठा करायची हौसच असते.

१४ जून, शनिवार.

ट्रॅव्हल एजन्सीतून किनाऱ्यांची माहितीपत्रकं आणली. रंगीत कागद, निळं पाणी, दात दाखवणारी कुटुंबं. मजकूर इतका बारीक छापलाय की कागद वाचवून हे लोक काय करतात कोण जाणे. काउंटरवरची बाई म्हणाली, फोनवर बघा ना, बोटांनी मोठं करता येतं. म्हटलं, मोठं करून बघायला मी काय म्हातारा आहे?

आलेखाच्या कागदावर तक्ता आखला. आडवे किनारे: लिगूरिया, रोमान्या, पुल्या, चिलेन्तो. उभे मुद्दे: पाणी, वाळू, पायऱ्या, आवाज, जेवण, स्टेशनपासूनचं अंतर, इतर माणसं. इतर माणसांना दुप्पट गुण. अर्थात उणे.

असा पद्धतशीर विचार करून जाणारा माणूस या देशात दुसरा नसेल. बाकीचे मेंढरांसारखे जातात.

१८ जून, बुधवार.

मेहुणा जेवायला. ओत्ताव्यो, लोरेदानाचा धाकटा भाऊ. नवी गाडी घेतल्यापासून जेवणाच्या टेबलावर किल्ली ठेवतो, पावाच्या शेजारी. किळस.

तो दर वर्षी रोमान्याला जातो. तोच बीच, तीच तिसरी रांग, तीच छत्री, एकवीस वर्षं. शेजारच्या छत्रीतल्यांच्या पोरांच्या लग्नांना जातो. म्हणाला, माझ्याबरोबर चला की, मागची सीट रिकामीच असते. मी गाडीशिवायचं तत्त्व समजावून सांगितलं. तो म्हणाला, तुझी गाडी खाली उभी आहे, तीन आठवडे जागची हललेली नाही, काचेवर कबुतरांनी नक्षी काढलीय. तत्त्व तुझं की कबुतरांचं?

लोरेदाना हसली नाही. माझ्याकडे पाहत होती. मग भावाला म्हणाली, ठरवेल तो. पंधरा जुलैपर्यंत वेळ देऊ या. नाही ठरवलं तर मी येते तुझ्या मागच्या सीटवर. एकटी.

पंधरा जुलै! जवळजवळ एक महिना. मला एक आठवडा पुरे.

२३ जून, सोमवार.

रोमान्या रद्द. समुद्र म्हणजे कोमट सूप. सकाळी दहाला लाउडस्पीकरवर कोणीतरी पोटं सुटलेल्या बायकांना पाण्यात कवायत करायला लावतो. छत्र्यांच्या रांगा स्मशानातल्या थडग्यांसारख्या, ओळीने, नंबरासह. पहिली रांग वारसाहक्काने मिळते. आणि तिसऱ्या रांगेत ओत्ताव्यो. उणे एकोणीस गुण. मी मेलो तरी रोमान्याला जाणार नाही, हे इथे तारखेनिशी लिहून ठेवतो.

लोरेदाना म्हणाली, रोमान्यात वाळू तरी आहे. आणि स्टेशन बीचपासून चालत दहा मिनिटांवर. मी तिला तक्ता दाखवला. ती म्हणाली, यात मी कुठल्या ओळीत आहे?

कळलं नाही प्रश्न. प्रवाशांसाठी वेगळी ओळ नाहीये.

२ जुलै, बुधवार.

अडतीस अंश. पंखा गरम हवा ढकलतो.

लिगूरियाचा विचार. रेल्वे थेट पाण्याला लागून जाते, हे एकच चांगलं. पण वाळू नाही, गोटे. गोट्यांवर तोरिनोचे पेन्शनर, आणि त्यांच्यावर उरलेले तोरिनोचे पेन्शनर. पाय ठेवायला जागा हवी असेल तर कोणीतरी मरायची वाट पाहायची. गावं उभी, पायऱ्याच पायऱ्या. शिवाय तिथली माणसं आपल्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करतात. उणे सतरा.

यावरून आठवलं: आज चौकात नोटरीसाहेबांना टोपी काढून नमस्कार केला, मुलाच्या परीक्षेचं विचारलं. ते न्हावी निघाले. न्हाव्यानेही हल्ली नोटरीसारखं जाकीट घालावं, याला काय म्हणायचं!

न्हावी म्हणाला, प्रोफेसोरे, मुलगा नाही मला, पण तुम्ही विचारलंत हेच खूप.

९ जुलै, बुधवार.

पुल्या रद्द. सगळा इटली तिथे गेलाय. हेच कारण पुरे आहे, पण पुढचंही लिहितो: स्टेशन एका गावात, समुद्र दुसऱ्या गावात, आणि दोन्हींच्या मधे ऑलिव्हच्या झाडांखाली बसायचं, बसची वाट पाहत. उणे बावीस.

एजन्सीतली बाई म्हणाली, पुल्याचं हॉटेल आत्ता धरायचं तर उरलेल्या दोन खोल्या आहेत, परवा नसतील. मी म्हटलं, बाई, घाईने निर्णय घेणारे लोक वेगळे. तिने ठीक आहे म्हणून दुसऱ्या गिऱ्हाइकाला पुढे बोलावलं.

फ्रिजवर ती जूनची यादी अजून तशीच. या घरात कोणी काही काढून टाकत नाही. मी काढायला गेलो तर लोरेदाना म्हणाली, राहू दे. मी म्हटलं, आणलं ना सगळं. ती म्हणाली, नाही, सगळं नाही आणलंस. मी परत जाऊन मीठ आणि काडेपेट्या आणल्या.

समाधान नाही. कशानेच समाधान नाही.

१५ जुलै, मंगळवार. दुपारी ४.

आज मुदत. एजन्सी चारला उघडते. मी पावणेचारला दारात.

बाई म्हणाली, लिगूरिया भरलं. पुल्या भरलं. रोमान्यात मागच्या रांगांत आहे. म्हटलं, रोमान्या नको. म्हणाली, मग चिलेन्तोत एक हॉटेल आहे, पार दक्षिणेत, सालेर्नोच्याही खाली, स्टेशनपासून नऊ किलोमीटर, बसने जावं लागेल. आजच एक कॅन्सल झालंय.

हेच तर! माझा तक्ता पहिल्या दिवसापासून चिलेन्तोकडेच बोट दाखवत होता. गुण अजून भरले नव्हते, तेवढंच.

संध्याकाळी ६.

लोरेदानाला सांगितलं. पुंता लिचेरा नावाचं गाव. हॉटेलपासून समुद्र दीडशे मीटर, माहितीपत्रकात छापलंय. ती म्हणाली, आठशे किलोमीटर रेल्वेने जायचं आणि वर बस? म्हटलं, तिथे गर्दी नाही. ती म्हणाली, तिथे जायला काही नाही म्हणून गर्दी नाही.

पण मग गॅलरीत जाऊन बहिणीला फोन केला. मला ऐकू येत होतं. निळा पोहण्याचा ड्रेस घ्यायचा म्हणाली. साडेतीन वेळा म्हणाली, समुद्र.

ओत्ताव्योच्या मागच्या सीटवर आता त्याची किल्ली बसू दे.

२८ जुलै, सोमवार.

वेळापत्रक. माझं क्षेत्र.

एजन्सीने बसचा कागद छापून दिला. नेहमीप्रमाणे डासाच्या पायाएवढी अक्षरं. पण खुणा मला कळतात. सहावीच्या मुलांना मी दर वर्षी शिकवायचो: एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन हातोडे म्हणजे गाडी फक्त कामाच्या दिवशी. क्रूस म्हणजे रविवारी आणि सणांना. एका शतकात कोणी यापेक्षा स्वच्छ चिन्ह काढलं नाही. रेखाकलेचा विजय.

दुपारी अडीचची बस. तिच्यापुढे क्रूस. बारीकसा, पण क्रूसच.

यातून एक कल्पना सुचली, आणि स्वतःचाच हेवा वाटला. सगळा देश फेर्रागोस्तोच्या, म्हणजे पंधरा ऑगस्टच्या सणाच्या आधी, चौदा ऑगस्टला निघतो. गुरांसारखा. आपण पंधरा ऑगस्टला, ऐन सणाच्या दिवशी निघायचं! गाड्या रिकाम्या. आणि आपली बस तर खास सणासुदीचीच.

लोरेदाना म्हणाली, पंधरा ऑगस्टला या देशात पानसुद्धा हलत नाही. आई तर त्या दिवशी आजारीही पडायची नाही, डॉक्टर नसायचे म्हणून. कागद दाखव. मी घडी घालून खिशात ठेवला. म्हटलं, विश्वास नावाची काही गोष्ट असते.

ती म्हणाली, असते. मीही तेच म्हणते.

८ ऑगस्ट, शुक्रवार.

जेवताना लोरेदानाने सहज विचारल्यासारखं विचारलं, एर्मान्नो, तुला मला काही सांगायचंय का?

विचार केला. म्हटलं, हो, दोनपेक्षा जास्त चपलांचे जोड घेऊ नकोस.

तिने ताटं उचलली. माझं अजून संपलं नव्हतं.

१४ ऑगस्ट, गुरुवार.

बॅगा भरल्या. निळा ड्रेस तिने तीनदा काढला, तीनदा ठेवला. आरशासमोर अंगाला लावून पाहिला. मी म्हटलं, काळा शोभतो तुला. ती म्हणाली, हा निळा आहे.

खोलीत उजेड कमी आहे.

ओत्ताव्योचा रोमान्याहून फोन. सगळं ठीक ना विचारत होता. मग म्हणाला, बस नक्की आहे ना रे उद्या? म्हटलं, क्रूस आहे. तो म्हणाला, तो वाहायची वेळ येऊ नये म्हणजे झालं. बावीस वर्षांचा असल्यापासून त्याचे विनोद असेच.

१५ ऑगस्ट, शुक्रवार. सकाळी ५.५०.

वेर्चेल्ली स्टेशन. प्लॅटफॉर्मवर आम्ही दोघं आणि एक झाडूवाला. बघा! गर्दी नाही. काय म्हणालो होतो?

सकाळी १०.१५.

मिलानोपासून गाडी खचाखच भरली. सगळ्यांना ऐनवेळी माझीच कल्पना सुचलेली दिसते. समोरचा माणूस बूट काढून बसलाय. त्याच्या बायकोने सॉसेजची पुडी उघडली आहे. दोन वासांतला कुठला कशाचा ते सांगता येत नाही.

लोरेदाना खिडकीशी. फ्लोरेन्स गेल्यापासून विचारतेय, समुद्र कुठल्या बाजूला येईल?

दुपारी २.२०.

पोचलो. छोटं स्टेशन. बाहेर एक बंद बार, कुंपणापलीकडे घराएवढा मोठा पाइन, बसचा खांब. आमच्या वाट्याला सावली फक्त खांबाची. माणूस नाही. कुत्रं नाही. दहा मिनिटांत बस.

दुपारी ३.१०.

दक्षिणेत वेळेचं मोल नाही. हे सर्वांना माहीत आहे.

दुपारी ३.४०.

जे झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण पुढे यावर वाद होणार.

लोरेदाना उठून खांबापाशी गेली. तिथे वेळापत्रक लावलेलं आहे. वाचलं. म्हणाली, एर्मान्नो, हे हातोडे आहेत. म्हटलं, क्रूस आहे. म्हणाली, दोन हातोडे. लाकडी दांड्यासकट. म्हटलं, ऊन लागून छपाई विस्कटली असेल. म्हणाली, खिशातला कागद काढ. काढला. तिने पाहिलं. म्हणाली, इथेही हातोडे. हाही उन्हात होता?

मग तिने मला बारच्या दाराकडे वळवलं. तिथे पाटी होती. म्हणाली, काय लिहिलंय वाच. मी अंतर पाहिलं. फार नव्हतं. पाच-सहा पावलं. आत्मविश्वासाने वाचलं: लगेच येतो.

ती म्हणाली, सव्वीस ऑगस्टपर्यंत बंद.

मग बॅगेवर बसली. मीही बसलो. भाताचं सॅलड काढलं. गार खायचं असतं, उन्हाने गरम झालेलं. खाताखाता ती हळूच म्हणाली, मी तुला जूनमध्येच लिहून ठेवलं होतं. फ्रिजवर. म्हणालास, वाचलं.

मी म्हटलं, वाचलंच. पाव, व्हिनेगर, साबण. मागाहून मीठ आणि काडेपेट्या. सगळं आणलं, तरी तुझं तोंड वाकडं.

तिचा काटा हवेतच थांबला. माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं की काय असं वाटलं, तर ती हसत होती. आधी आवाज न करता, मग असं काही की डब्यातला भात सांडला. दोन महिने, म्हणाली. दोन महिने मला वाटत होतं की तू वाचून गप्प बसलायस. झोपताना तुझ्या पाठीकडे बघत असायचे मी.

तिला ऊन लागलं असावं.

संध्याकाळी ५.३०.

कलिंगडं नेणारी एक आपे आली. तीनचाकी. चालवणारा साबातो, सत्तरीचा, बनियनवर. म्हणाला, बसची वाट बघताय? आज? प्रोफेसो, आज देवसुद्धा जेवून आडवा झालाय. मी प्रोफेसोर आहे हे त्याला कसं कळलं विचारलं. म्हणाला, चुकीच्या दिवशी इतका ताठ उभा असणारा माणूस दुसरा कोण असेल?

पुढे एकच जास्तीची जागा. ताईंनी माझ्याशेजारी बसावं, म्हणाला. मी मागे, कलिंगडांमधे. नऊ किलोमीटर. वळणावळणाला कलिंगडं माझ्याकडे, मी कलिंगडांकडे. पुढून दोघांच्या हसण्याचा आवाज येत होता.

एका वळणावर लोरेदाना ओरडली, समुद्र! मी पाहिलं. निळं होतं. बहुधा.

१६ ऑगस्ट, शनिवार.

हॉटेलपासून समुद्र दीड हजार मीटर. माहितीपत्रकात एक शून्य जास्त आहे, लोरेदानाने बोट ठेवून दाखवलं. शून्य छापताना जरा जाड छापायला काय जातं?

उतारावर जाताना पंचवीस मिनिटं, चढावर येताना पन्नास. ती तीनदा गेली, तीनदा आली. मी एकदा. पाण्यात जेलीफिश. मला प्लास्टिकची पिशवी वाटली, म्हणून उचलून कचऱ्यात टाकायला गेलो. हात भाजल्यासारखा झाला. जीवरक्षकाने व्हिनेगर ओतलं. लोरेदाना म्हणाली, बघ, घरून आणायला हवं होतंस. घरी भरपूर आहे.

१७ ऑगस्ट, रविवार.

खोलीत. हाताला पट्टी. भिंतीपलीकडे कोणीतरी मोठ्याने टीव्ही पाहतंय. खाली तळलेल्या माशांचा वास. उबग.

ती निळ्या ड्रेसमध्ये गेली. जाताना दारात थांबून म्हणाली, येतोस? म्हटलं, हात. म्हणाली, समुद्र बघायला हात लागत नाहीत, डोळे लागतात. आणि गेली.

१८ ऑगस्ट, सोमवार.

परतीची गाडी. आज कामाचा दिवस. बस अगदी वेळेवर आली.

बोलोन्या यायच्या आधी लोरेदाना उठली आणि स्वतःची बॅग काढायला लागली. म्हटलं, अजून मिलानो लांब आहे. म्हणाली, मी इथे उतरते. ओत्ताव्यो रोमान्यात आहे अजून दोन आठवडे. मला आणखी थोडा समुद्र हवाय, सपाट.

आणि मी?

म्हणाली, तू घरी जा. चष्मा कर. मग फ्रिजवरचा कागद वाच. मग मला फोन कर. त्याच क्रमाने.

म्हटलं, हे काय, मी काय सहावीतला मुलगा आहे? ती म्हणाली, सहावीतल्या मुलाला तू हातोडे ओळखायला शिकवायचास.

गाडी दोन मिनिटं थांबते. ती प्लॅटफॉर्मवरून हात हलवत होती, असं शेजारच्याने सांगितलं. मी भलत्याच बाईला हात हलवत होतो.

२० ऑगस्ट, बुधवार.

घर. डास एकटेच भेटले, जेवायला बसवलं नाही तरी जेवले.

कागद वाचायला घेतला. भिंगही नाही घरात. खिडकीत नेला, दिव्याखाली नेला, लांब धरला, हात संपले. माझं नाव तेवढं कळतं. बाकीच्या मुंग्या.

शेजाऱ्याकडून वाचून घेता येईल. पण काय लिहिलंय ते मला आधी कळायला हवं, त्यानंतर कोणी वाचावं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार.

चष्म्याच्या दुकानात गेलो. केवळ लोरेदानाचं मन राखायला. दारावर पाटी. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला म्हटलं, चष्मा घरी राहिलाय, जरा वाचता का? म्हणाला, प्रोफेसोरे, सव्वीसपर्यंत बंद, समुद्रावर गेलेत. तो न्हावी होता.

सगळं शहर समुद्रावर. ज्यांना डोळे आहेत ते सगळे तिकडे.

२७ ऑगस्ट, बुधवार.

तपासणी. दुकानदारीणबाईंनी भिंतीवर तक्ता लावला. म्हटलं, उजेड कमी आहे. तिने दिवा लावला. म्हटलं, तक्ता पुसट आहे. तिने माझ्या डोळ्यांसमोर काचा घातल्या आणि तक्ता अचानक नवीन झाला.

म्हणाली, किती वर्षं असं चाललंय? म्हटलं, काय असं?

परवा मिळेल चष्मा.

२९ ऑगस्ट, शुक्रवार. सकाळी ११.

चष्मा लागला.

घरी येईपर्यंत रस्त्यातल्या प्रत्येक माणसाचं तोंड दिसलं. शी. मग आरशात माझंही.

स्वयंपाकघरात मुंग्या आहेत. खऱ्या. ओट्यामागून साखरेपर्यंत सरळ रेघ, अर्धा अंशही कललेली नाही. जूनपासून असाव्यात. आमच्या गाडीवर कबुतरांनी जे केलंय त्याला नक्षी म्हणणं हा ओत्ताव्योचा मोठेपणा. ही रोजनिशी उघडली: एकही ओळ रेघेवर नाही. काही पानांवर एकावर एक दोन दिवस लिहिलेत.

कागद शेवटी वाचला. उभा राहून. मग बसून.

एर्मान्नो, दवाखान्यातून फोन आला होता, डोळ्यांच्या तपासणीला परत कधी येताय म्हणून. लायसन्सचं मला कळलं. मी रागावलेले नाही. समुद्र कुठलाही चालेल, बसने गेलो तरी. फक्त मला तू स्वतःहून सांग. आणि लिंबं आण.

दुपारी १२.

फोन केला. ओत्ताव्योने उचलला. मागे लाउडस्पीकर, कवायत चालू होती. म्हणाला, थांब, देतो, ती पाण्यात आहे, दुसऱ्या रांगेत हात वर करतेय.

लोरेदाना धापा टाकत आली. म्हणाली, वाचलंस?

म्हटलं, वाचलं.

काय लिहिलंय?

म्हटलं, लिंबं.

लाउडस्पीकरवर बाई ओरडत होती, गुडघा वर, अजून वर. मग मी म्हटलं, लोरेदाना, माझं लायसन्स गेलंय. मे महिन्यात. मला दिसत नाही. पुष्कळ दिवस दिसत नव्हतं. विचारलं, हे स्वतःहून सांगितलं असं धरायचं का?

म्हणाली, नाही.

मग म्हणाली, पण रेल्वेची वेळ नीट बघून ये. आमच्या शेजारची छत्री दोन दिवस रिकामी आहे. शेजारच्यांच्या पोरीचं लग्न आहे.

दुपारी ४.

वेळापत्रक पाहिलं. सकाळी नऊ चाळीस. पुढे हातोडे. दोन, दांड्यासकट, प्रत्येक दांड्याला वरचं डोकंसुद्धा दिसतं. उद्या शनिवार, म्हणजे कामाचाच दिवस. तरी स्टेशनवर फोन करून खात्री केली.

लिंबं आणली. दोन किलो. पिशवीत निळ्या ड्रेसवर शोभेल अशी एक टोपी आहे, निळीच, दुकानदाराला दोनदा विचारून घेतली.

उद्या रोमान्या. तिसरी रांग.